दोन चित्रांच्या मधोमध

आर्णीच्या बस स्टँडामागे खंडारेंचं दुकान.
काचेखाली मोबाईलची कव्हरं, घड्याळाचे सेल
आणि कॅमेरे चार.
एक नवा, खोक्यात. तीन कुणीतरी वापरून विकलेले.

"कायच्यासाठी पाह्यजे? लग्नाच्या का वाढदिवसाच्या?"
मी म्हटलं, भाल्याच्या.
त्यांनी पुन्हा विचारलं.

दप्तराच्या आतल्या कप्प्यात सहा हजार तीनशे:
जिल्ह्याचं बक्षीस, आईनं बचत गटातून उचललेले,
आणि सुजलनं सायकलची चेन न बदलता दिलेले चारशे.

गेडाम सर म्हणतात, कोपर पडतं तुझं.
मी म्हणते, नाही पडत.
दोन वर्षांचं भांडण.
सरांनी एकदा फळ्यावर माझा हात काढून दाखवला,
तो कुणाचाही हात असू शकला असता.

मग ठवरेंनी वरातीचा मोठा कॅमेरा आणला पडीत.
दिवा लावला भर सकाळी, म्हणाले, हस थोडी.
फार छान आली मी.
मागचा पळसही आला, शेळ्यासुद्धा आल्या.
पण एका चित्रात भाला हातात,
पुढच्या चित्रात हात रिकामा.
सुटणं कुठंच नाही.
मला तर तेवढंच पाहायचं होतं.

म्हणून दुकानात मी मेगापिक्सल विचारले नाहीत.
विचारलं, एका सेकंदाचे तुकडे किती पाडतो हा?
मे महिन्यात तापून बंद पडतो का?
दुपारी पडद्यावर काही दिसतं, की आपलंच तोंड?
जागलीच्या मचाणाला सुतळीनं बांधला तर
धरून राहील का?

"हे कंपनीनं लिवलं नाही पोरी,"
म्हणत खंडारे स्वतःच बाहेर आले,
छताची जाळी काढायचा बांबू माझ्या हाती दिला.
फेक.
रसवंतीवाल्यानं चरक थांबवला,
घुंगरं थोडा वेळ उगीच वाजत राहिली.

नवा: तीस तुकडे. बांबू गायब.
दुसरा: साठ. बांबूच्या जागी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं काहीतरी.
तिसरा पाण्यात चालतो म्हणे.
आमच्या नाल्याला मार्चनंतर पाणी नसतं.
चौथ्याच्या कोपऱ्याला टवका,
पट्ट्यावर कुणीतरी पेनानं खरडलेलं नाव, अर्धं पुसलेलं.
सेकंदाचे दोनशे चाळीस.
त्यात बांबू निघाला हातातून
जशी मांजर निघते दारातून:
आधी तोंड, मग अंग, मग शेपूट,
कुणाची घाई नाही.

कोपर पडत होतं.
(सरांना हे मी आज सांगणार नाही.)
आणि डोळे मिटलेले.
चार वर्षं भाला फेकते मी,
सुटताना एकदाही पाहिला नाही त्याला.

पाच हजार आठशे, चार्जर धरून.
खंडारेंनी बांबू परत मागितला.

दुसऱ्या दिवशी मचाणावर कॅमेरा,
हातात लोहारानं टोक ठोकलेला माझा भाला,
आणि लांब, कडुनिंबाजवळ,
बोटाएवढा सुजल, भाला आणून द्यायला.
फेकले सहा.
मग सावलीत बसून पाहिले, ओढणी डोक्यावरून घेऊन.

खांदा पाहिला. कोपर पाहिलं.
चौथ्यांदा पाहताना नजर मागे गेली.
भाला अजून माझ्या मुठीत,
आणि हा पळायला लागलेला.
डावीकडे. बरोबर तिथंच, जिथं तो पडणार होता.
सहाही वेळा.

"तुले कसं समजते रे?"
"तुह्या खांद्यावरून. रोजच तिकडं जाते तू."
"मंग सांगितलं काऊन नाही?"
"तू इचारलंच कुठं?"
पायातला काटा काढत बसला होता.
मग म्हणाला,
"आता माह्या काढ. मी पळतो कसा, थे पाहू दे."

बॅटरी अकरा टक्के.
मी मचाणावर चढले,
सुतळीची गाठ सुटेना,
दातानं सोडवली.